दाक्षिणात्य रॅप
अमेरिकेच्या दक्षिणेकडील अटलांटा, ह्यूस्टन, मेम्फिस, न्यू ऑर्लीन्स, मायामी या शहरांत वाढलेली रॅप संगीताची शाखा. न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस यांच्या वर्चस्वाच्या काळात तिला गावंढळ समजले जाई. १९९५ च्या ‘सोर्स’ पुरस्कार सोहळ्यात अटलांटाच्या ‘आउटकास्ट’ जोडीची न्यूयॉर्कच्या श्रोत्यांनी हुर्यो उडवली; याच जोडीने २००४ मध्ये सर्वोत्कृष्ट अल्बमचे ग्रॅमी पटकावले. ह्यूस्टनच्या ‘गेटो बॉइज’ने वाट आधीच पाडली होती. न्यू ऑर्लीन्सच्या ‘नो लिमिट’ आणि ‘कॅश मनी’ या कंपन्यांनी वितरण मोठ्या कंपन्यांकडे सोपवले, पण ध्वनिमुद्रणांची मालकी स्वतःकडे ठेवली. या शाखेच्या उत्कर्षात गाण्यांइतकाच या व्यवहारचातुर्याचाही वाटा आहे.

यश आले तशी गादीची भांडणेही आली. अटलांटाच्या टी. आय.ने स्वतःला ‘दक्षिणेचा राजा’ म्हणवले. ह्यूस्टनच्या लिल फ्लिपशी त्याचे त्यावरून वाजले. गुची मेन आणि जीझी यांचे वैर २००५ मधील एका गाण्याच्या हक्कांवरून पेटले. विक्रीचा निकष लावला, तर न्यू ऑर्लीन्सच्या लिल वेनचे पारडे जड ठरते : त्याच्या ‘द कार्टर ३’ या अल्बमच्या (२००८) पहिल्याच आठवड्यात अमेरिकेत दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या.