'इतर सर्व'मधली होडी

समुद्रापासून शेकडो मैल दूर, गव्हासाठी ओळखल्या जाणाऱ्या कॅन्ससमध्ये हौशी होड्यांच्या करासाठी राज्यघटना बदलावी लागली, हे प्रथमदर्शनी विनोदी वाटते. पण मिलफर्ड, टटल क्रीक, पेरी ही धरणे झाली, जलाशय भरले, आणि होड्याही आल्या.

या कथेचे मूळ १८५९ च्या वायनडॉट घटनेत आहे. गुलामगिरीच्या प्रश्नावरून रक्त सांडत असलेल्या त्या भूमीने घटनेत लिहून ठेवले की मालमत्तेचे मूल्यांकन व करआकारणी 'एकसारख्या आणि समान' दराने व्हावी. समतेचा हा शब्द पुढे सव्वाशे वर्षे जड होत गेला. १९८६ मध्ये मतदारांनी मालमत्तेचे वर्ग पाडणारी दुरुस्ती स्वीकारली. १९९२ मध्ये तिच्यात फेरफार झाला. त्यानंतर घराच्या किमतीपैकी ११.५ टक्केच रक्कम करपात्र धरली जाई. आणि जे कोणत्याच वर्गात बसत नाही, त्या 'इतर सर्व' जंगम वस्तूंसाठी? ३० टक्के. होडी नेमकी तिथे जाऊन पडली. वीस हजार डॉलरच्या घरातले २,३०० डॉलर करपात्र, तेवढ्याच किमतीच्या होडीतले ६,०००!

साहित्याच्या अभ्यासकाला हे नवे नाही. वर्गीकरण करणारा 'इतर' असे लिहितो तेव्हा त्याचे लक्ष दुसरीकडे असते. त्या शब्दाखाली कोण चिरडले जाते हे नंतर कळते. (होडीमालकाला चिरडलेला म्हणणे अतिशयोक्तीच, जमिनीसारखी नसलेली त्याची मालमत्ता सहज सीमेपलीकडे जाते. होड्या शेजारच्या राज्यांत नोंदवल्या जातात, हाच समर्थकांचा मुख्य युक्तिवाद होता.)

मोटारगाड्यांना आणि पर्यटनाच्या गाड्यांना घटनेने आधीच वेगळी वाट दिलेली होती. ६ नोव्हेंबर २०१२ रोजी मतदारांपुढे प्रश्न आला तो जलयानांनाही ती द्यावी का, एवढाच. ओबामा-रॉम्नी लढतीच्या त्याच मतपत्रिकेवर हा प्रश्न होता. तो मंजूर झाला. मात्र मतदारांनी दर ठरवला नाही. विधिमंडळाला ठरवण्याची मुभा दिली. तो पुढे कायद्याने आला: २०१४ साठी ११.५ टक्के, २०१५ पासून ५ टक्के. म्हणजे एका वर्षापुरती होडी घराच्या बरोबरीला आली आणि लगेच तिच्याही खाली गेली.