कडप्पा, ग्रॅनाइट आणि आईचं माप

आमच्या डोंबिवलीच्या घरातला ओटा माझ्याहून वयाने मोठा आहे. बाबांनी १९८९ साली फ्लॅट घेतला तेव्हाचा. काळा कडप्पा, नऊ फूट लांब, दोन फूट रुंद, जमिनीपासून बत्तीस इंच उंच. लिंबू, चिंच, कोकम सांडून त्यावर पांढरट डाग पडलेत. दर दिवाळीला आई त्याला खोबरेल चोळून पुन्हा काळा करायची. यंदा सिंकजवळ तडा गेला आणि ओटा बदलायचं ठरलं.

दुकानदाराने व्हॉट्सअ‍ॅपवर दर पाठवले. कडप्पा ७० रुपये, साधा काळा ग्रॅनाइट १९०, गॅलेक्सी ३१०, क्वार्ट्झ ६५०. सगळे चौरस फुटाला, वर १८ टक्के जीएसटी. माप तीन-तीन इंचांनी वर धरणार, म्हणजे पंचवीस इंच रुंदी हवी असेल तर पैसे सत्तावीस इंचांचे. कडेची गोलाई रनिंग फुटावर, सिंकचं कटिंग वेगळं, तिसऱ्या मजल्यावर चढवायची हमाली वेगळी. मी हिशेब मांडला. आमच्या अठरा चौरस फुटांना साधा काळा ग्रॅनाइट जीएसटीसकट चार हजारांच्या आसपास, आणि त्यावरची मजुरी जवळपास दुप्पट.

खाली एक ओळ होती : ‘हाइट स्टँडर्ड ३४.’

मी कोड लिहून पोट भरतो. ‘स्टँडर्ड’ हा शब्द दिसला की तो कुणी ठरवला आणि का, हे खणून बघायची खोड आहे. म्हणून ओट्याची गोष्ट मागे नेत गेलो.

सुरुवात दगडापासून. महाराष्ट्राचा बराचसा भाग लाव्हा थंड होऊन झालेल्या बेसॉल्टवर उभा आहे. किल्ले, घाट, जाती, पाटे, वरवंटे, सगळं त्याचंच. पण बेसॉल्टच्या सहज पातळ फरश्या निघत नाहीत. तो फुटतो, उलगडत नाही. चुनखडीचा दगड थरांवर थर साचून बनतो. छिन्नी आणि पहार योग्य फटीत घातली की वहीची पानं सुटावीत तशी फरशी सुटते. असा दगड आपल्या आग्नेयेला आहे : कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादला, आणि त्याही पलीकडे आंध्रात कडप्पा-कर्नूल भागात. आपण मोरीला ‘शहाबादी’ आणि ओट्याला ‘कडप्पा’ म्हणतो, तेव्हा खरं तर गावांची नावं घेत असतो.

ही दोन्ही गावं एकाच रेल्वेमार्गावर आहेत. मुंबईहून निघालेली जीआयपी रेल्वे आणि मद्रासहून निघालेली मद्रास रेल्वे १८७१ मध्ये रायचूरला एकमेकींना मिळाल्या. शहाबाद रायचूरच्या अलीकडे, कडप्पा पलीकडे. पुढच्याच वर्षी भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम किंग यांचा कडप्पा आणि कर्नूलच्या खडकांवरचा ग्रंथ आला. बैलगाडीने इतका जड आणि स्वस्त माल शेकडो मैल नेणं परवडत नाही. रुळांवरून परवडतं. तोच मार्ग पुणे-कल्याण करत आमच्या डोंबिवली स्टेशनातून जातो. आमच्या ओट्याचा दगड ट्रकने आला असेल, पण त्याच्या जातभाईंची वाट रुळांनी मोकळी केली होती.

रुंदीचं गणित मी किलोत मांडून बघितलं. एक इंच जाडीचा कडप्पा चौरस फुटाला साधारण साडेसहा किलो भरतो. नऊ बाय दोनची फरशी म्हणजे सव्वाशे किलोच्या आत-बाहेर. चार माणसं जिन्याच्या वळणावरून ती कशीबशी नेऊ शकतात. तीन फूट रुंद घेतली तर वजन पावणेदोनशे किलोंवर जातं आणि वळणावर अडकते. आमच्या जिन्यासाठी तरी दोन फुटांचा ओटा हेच शहाणपणाचं माप होतं.

आता उंची. माझी आजी लग्नानंतर बरीच वर्षं बसून स्वयंपाक करत होती. चूल जमिनीवर, मग शेगडी जमिनीवर, मग रॉकेलचा स्टोव्ह, तोही जमिनीवरच. परळच्या चाळीत ओटा नव्हताच. तिला उभं केलं ते गॅसने. घरगुती गॅसचा एक साधा नियम आहे : शेगडी सिलिंडरपेक्षा वर हवी. चौदा किलोंचा सिलिंडर दोन फुटांहून थोडा उंच, त्यावर रेग्युलेटर आणि नळी वळायला जागा, खाली तीन-चार इंचांचा कट्टा, वर दगडाची जाडी. बेरीज करा, तीस-बत्तीस इंच सहज होतात. आमचा ओटा त्याच बेरजेत चपखल बसतो.

मग ग्रॅनाइट आला. हा दगड कडप्प्याहून खूप कठीण, आणि आंबट पदार्थांना दाद न देणारा. तो दक्षिणेत पहिल्यापासून होता, देवळांत होता. कापणं महाग होतं. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकने कृत्रिम हिरा बनवल्याचं जाहीर केलं. पुढे हिऱ्याचे कण बसवलेली पाती स्वस्त होत गेली आणि कठीण दगडाच्या पाऊण इंची स्लॅब घराघरांत पोचल्या. चांदण्यांसारखे ठिपके असलेला गॅलेक्सी आंध्रातल्या चिमकुर्तीचा. बाजारात तो ग्रॅनाइट, भूगर्भशास्त्रात गॅब्रो. लाल ग्रॅनाइट इलकलहून येतो, म्हणजे आजीच्या इरकली लुगड्याच्या गावाहून.

आता स्लॅब नऊ बाय सहा फुटांचीही मिळते. हव्या त्या मापात कापून मिळते. आमच्याकडे पाइपचा गॅस येऊन तीन वर्षं झाली, सिलिंडर गेला. म्हणजे ज्या कारणांनी ओट्याचं माप ठरलं होतं, त्यातलं एकही उरलेलं नाही. तरी कोटेशनमध्ये स्टँडर्ड आहेच, वर दोन इंचांनी वाढलेलं.

या सगळ्या गणितात एक आकडा मला कुठेच सापडला नाही. त्यापुढे उभ्या राहणाऱ्या बाईची उंची.

आई चार फूट दहा इंच. पोळ्या लाटताना ओटा ठीक असतो, पण शेगडीचे सहा इंच त्यावर चढले की तिला पातेल्यात दिसत नाही. आमटी ढवळायला ती पाटावर उभी राहते. लहानपणी मला वाटायचं, पाट त्यासाठीच असतो. मी पाच फूट दहा. भांडी घासायला लागलो की दहा मिनिटांत कंबर धरते. काम करायची पातळी कोपराच्या चारेक इंच खाली असावी असं म्हणतात. मी टेप आणून आईला भिंतीला टेकून उभं राहायला सांगितलं.

“हे काय रे?”

“ओट्यासाठी माप घेतोय तुझं.”

आई हसली. “ब्लाउजखेरीज माझं माप कुणी घेतलं नव्हतं.”

कोपर छत्तीस इंचांवर आलं. मी गॅसचा भाग अठ्ठावीस आणि सिंकचा पस्तीस इंच लिहिला. मिस्त्री नाराज झाला. “काकू, असं कुणी करत नाही. जॉइंटमध्ये पाणी मुरतं. उद्या फ्लॅट विकायचा म्हटलात तर?” वर दोन हजार दोनशे रुपये जास्तीचे सांगितले. बाबा माझ्याकडे बघत होते. मी काही बोलायच्या आत आईच म्हणाली, “करा. जॉइंट नीट भरा म्हणजे झालं.”

सोमवारी काम सुरू होतंय. कडप्प्याचा तडा न गेलेला तुकडा बाल्कनीत तुळशीखाली जाणार आहे. पाटाचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.