चार रोपांचा वंश

२०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारने शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला. त्यात रवा, चणाडाळ आणि साखरेच्या जोडीला एक लिटर पामतेल होते. आपल्याकडे हे तेल मुख्यतः इंडोनेशिया-मलेशियातून येते. झाड मात्र मूळचे पश्चिम आफ्रिकेचे.

तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या त्याची फळे उकडून, कुटून लालभडक तेल काढत आल्या आहेत. १८०७ मध्ये ब्रिटनने गुलामांचा व्यापार बंद केला, तेव्हा लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांनी त्याच किनाऱ्यावरून तेलाची पिंपे मोठ्या प्रमाणावर उचलायला सुरुवात केली. साबणाला, मेणबत्त्यांना, आगगाडीच्या वंगणाला ते लागे.

१८४८ मध्ये जावातल्या बोगोरच्या वनस्पती उद्यानात या झाडाची चार रोपे लागली. त्यांची संतती सुमात्रातल्या तंबाखूच्या मळ्यांत शोभेसाठी रस्त्याकडेला उभी राहिली. तिथे १९११ मध्ये आद्रियाँ हाले या बेल्जियन माणसाने तेलासाठी मळा केला आणि १९१७ मध्ये आँरी फोकोनिएने मलायात. त्या भागातल्या मळ्यांचे मातृकुळ आजही बहुतांशी त्या चार रोपांचेच.

पण झाड आले, त्याचा सोबती मागे राहिला. नर आणि मादी फुलोरे वेगवेगळे, त्यामुळे परागकण पोचवायला कोणीतरी हवे. मलेशियात ते काम मजूर करत. फुलोरा शोधायचा आणि त्यावर हाताने पराग फवारायचे. एरवी वाराच पराग नेतो हा समज पक्का होता. कॅमेरूनमध्ये काम केलेल्या लेस्ली डेव्हिडसन यांना तो पटला नाही. त्यांच्या आग्रहावरून रहमान सय्यद हे पाकिस्तानी कीटकशास्त्रज्ञ कॅमेरूनला गेले आणि खरा वाहक त्यांना सापडला: काही मिलिमीटरचा एक भुंगा. तो नर फुलोऱ्यावर वाढतो आणि बडीशेपेसारख्या वासाने मादी फुलोऱ्याकडे ओढला जातो. तो दुसऱ्या पिकांवर पडणार नाही याची खात्री करून १९८१ मध्ये भुंगे मलेशियात सोडले. हाताने पराग फवारणे लवकरच बंद पडले, घड भरले. पामतेलाच्या इतिहासात कंपन्यांची नावे ठळक असतात. सय्यद यांचे नावही तितकेच ठळक हवे.

त्या भरलेल्या घडांमागोमाग मळे पसरले आणि बोर्निओ-सुमात्रातले वर्षावन तुटत गेले. आणि नायजेरिया, जो एके काळी पामतेलाच्या निर्यातीत जगात आघाडीवर होता, आज स्वतःच्या स्वयंपाकघरासाठीही ते तेल आयात करतो.