सासूबाईंची तबकडी

सासूबाईंच्या फोनोची एक तबकडी, वरचा कागद निघालेली, मी बोहारणीला देणार होते. सहज लावली, तर गाणे संपताच बाईने इंग्रजीत आपले नाव सांगितले — गौहरजान!

भगिनींनो, १९०२ साली कलकत्त्यात गेसबर्गसाहेबांनी तिचे गाणे ध्वनिमुद्रित केले. तबकड्या निघत जर्मनीत, हॅनोवरला. तिथल्या कारागिरांना गाणारी कोण हे कळावे म्हणून शेवटी नाव सांगायची रीत. त्यामुळे कागद गेला तरी नाव राहिले!

भावोजी म्हणाले, "१९०२ सालची म्हणून विकू, चांगले पैसे येतील." मी नको म्हटले. नावावरून गाणारी ठरते, साल नव्हे. त्या पहिल्या तबकड्या एकाच बाजूने वाजत. आमची दोन्ही बाजूंनी वाजते, म्हणजे मागाहूनची. भावोजी अजून रुसलेले आहेत. तबकडीच्या मधल्या गुळगुळीत भागावरचा आकडा मात्र मी वहीत टिपून ठेवला आहे.