रुग्णखाटांची मोजणी : आर्थर रोड ते कळंबोली

रुग्णालयाचा आकार खाटांच्या संख्येने सांगण्याची आपल्याकडे रूढी आहे. शंभर खाटांचे रुग्णालय म्हटले की शंभर रुग्णांची सोय झाली, असा समज होतो. परंतु १८९६ चा मुंबईतील प्लेग आणि २०२१ मधील कोविडची दुसरी लाट यांचा एकत्र विचार केला असता हा समज टिकत नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्यानंतर रुग्णांना सक्तीने आर्थर रोडच्या रुग्णालयात, म्हणजे आजच्या कस्तुरबा रुग्णालयात, हलविण्याचे धोरण महापालिकेने अवलंबिले. सोवळेओवळे, अन्नपाणी व पडदा यांविषयीच्या शंका लोकांच्या मनात होत्याच. त्यांत तेथे गेलेला मनुष्य परत येत नाही, या समजुतीची भर पडली. लोक रुग्णांना लपवू लागले. ऑक्टोबरअखेर गिरणी कामगारांच्या जमावाने या रुग्णालयावर हल्ला केला. सरकारला सक्ती सैल करावी लागली आणि पुढे निरनिराळ्या ज्ञाती व जमातींनी आपापली प्लेग रुग्णालये उघडली. येथे उणीव होती ती केवळ खाटांची नव्हे, तर विश्वासाची. पुण्यात सावित्रीबाई फुले रुग्णांना स्वतः डॉ. यशवंत यांच्या उपचारकेंद्रात नेत असत; त्या सेवेतच संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. विश्वासाचे मोल किती, हे यावरून ध्यानी यावे.

२०२० मध्ये स्थिती उलट होती. लोक खाट मागत होते. शासनाने मे महिन्यात खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांवर नियंत्रण आणले. वांद्रे-कुर्ला संकुलात व वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात तात्पुरती रुग्णालये उभी राहिली. खाटा अशा प्रकारे वाढविता आल्या. प्राणवायू मात्र तितक्या सहज वाढविता आला नाही. १९ एप्रिल २०२१ रोजी तळोजा औद्योगिक वसाहतीच्या शेजारच्या कळंबोलीहून सात रिकामे टँकर घेऊन आगगाडी विशाखापट्टणमकडे निघाली. ते टँकर भरून नागपूर व नाशिक येथे पोहोचण्यास चार ते पाच दिवस लागले. दरम्यान, २१ एप्रिलला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीची गळती होऊन पुरवठा खंडित झाला आणि किमान २२ रुग्ण दगावले. त्यांना खाटा मिळालेल्या होत्या, हे विसरता कामा नये.

खाटा संपण्याचे गणितही संख्येपुरते नाही. रोज दहा रुग्ण दाखल होत असून प्रत्येकाचा मुक्काम सरासरी नऊ दिवसांचा असेल, तर सरासरी नव्वद खाटा व्यापल्या जातात. रुग्णसंख्या तीच राहून मुक्काम अकरा दिवसांचा झाला, तर एकशेदहा खाटा लागतात. शंभर खाटांचे रुग्णालय अपुरे पडते. शिवाय रुग्ण समप्रमाणात येत नाहीत; म्हणून सरासरीच्या हिशेबाने भरलेले रुग्णालय पुष्कळदा दारातच रुग्णाला परत पाठविते.

सारांश, परिचारिका, प्राणवायू, मुक्कामाचा काळ आणि लोकांचा विश्वास या चारही गोष्टींच्या आधारावर खाट उभी असते; त्यांपैकी जी सर्वांत तोकडी, तीच रुग्णालयाची खरी मर्यादा होय. साथींच्या इतिहासाच्या अभ्यासकाने अहवालांतील खाटांचा आकडा वाचताना, त्या दिवशी यांपैकी कोणती गोष्ट उणी होती, हा प्रश्न प्रथम विचारावा.