बिनछपराचा डबा

इंग्लंडात यॉर्क येथे 1975 साली जे राष्ट्रीय रेल्वे-संग्रहालय उघडले, त्याची ख्याती पुष्कळ अंशी राजघराण्याच्या डब्यांवरून झाली आहे, आणि त्यात नवल नाही. व्हिक्टोरिया राणीचाच डबा घ्या. लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न कंपनीने 1869 साली वुल्व्हर्टनच्या आपल्या कारखान्यात राणीकरिता सहा-सहा चाकांचे दोन डबे बांधले, आणि त्या खर्चापैकी 800 पौंड राणीने स्वतःच्या पदरचे घातले. छतालासुद्धा आतून गादी ठोकलेली. हेतू हा की, चाकांचा खडखडाट तिच्या कानी पडू नये. एका डब्यातून दुसऱ्यात जाण्यासाठी मध्ये घडीचा, झाकलेला बोळ ठेविला होता. या तऱ्हेची इंग्लंडातील ही पहिलीच योजना. परंतु राणीचा तिजवर भरवसा बसेना. गाडी पुरती उभी राहिल्यावाचून ती त्या बोळात पाऊल टाकीत नसे. दिवसा ताशी 40 मैलांहून अधिक वेगाने गाडी हाकू नये, अशीही तिची ताकीद होती. पुढे 1895 साली दोन्ही डबे बारा चाकांच्या एकाच सांगाड्यावर घेऊन त्यांचा एक डबा केला. एवढ्या मोठ्या साम्राज्याची ही स्वामिनी आगगाडीस मात्र बिचकत होती, हे वाचून आम्हांस तिजविषयी प्रथमच थोडी आपुलकी वाटली.

परंतु आम्हांस लिहावयाचे आहे ते निराळ्याच डब्यांविषयी. त्याच राष्ट्रीय संग्रहात बॉडमिन अँड वेडब्रिज रेल्वेचे काही जुने डबे आहेत. कॉर्नवॉल परगण्यातील ही चिमुकली रेल्वे 1834 साली सुरू झाली, ती मुख्यतः माणसांसाठी नव्हे, वाळूसाठी. तेथील खाडीची वाळू शेतास खत म्हणून घालीत असत. ती आतल्या गावांस पोचविणे हा तिचा खरा व्यवसाय, आणि उतारूंची ने-आण हा जोडधंदा. वरच्या वर्गाचा डबा पाहावा, तर घोड्याच्या बंद गाडीचे घर उचलून रुळांवर ठेविल्यासारखा दिसतो. तिसऱ्या वर्गाचा डबा म्हणजे मात्र चाकांवरची उघडी पेटी. वर छप्पर नाही, खिडकी नाही, आणि भिंती म्हणाव्या तर कठड्याएवढ्या.

अशा डब्यात बसणे म्हणजे केवळ पावसात भिजणे नव्हे, हे ग्रेट वेस्टर्न रेल्वेवर लौकरच दिसून आले. 24 डिसेंबर 1841 रोजी पहाटे रेडिंगजवळ सॉनिंगच्या खिंडीत पावसाने दरड कोसळून रुळांवर आली होती, तिजवर एक मालगाडी जाऊन आदळली. इंजिनाच्या पाठीशी तिसऱ्या वर्गाचे उघडे डबे, आणि त्यांच्या पाठीशी मालाचे जड डबे, अशी त्या गाडीची रचना होती. पार्लमेंटच्या नव्या इमारतीवर काम करणारे कारागीर नाताळासाठी घरी चालले होते. दोन फूट उंचीच्या कठड्याआड बसलेली ही माणसे काही बाहेर फेकली गेली, काही मागून आलेल्या मालाखाली चिरडली गेली; नऊ जण मेले. त्यानंतर सहा महिन्यांच्या आतच, 13 जून 1842 रोजी, व्हिक्टोरिया राणीने आगगाडीचा आपला पहिला प्रवास केला, तो याच रेल्वेने, स्लाऊपासून पॅडिंग्टनपर्यंत. त्याच वर्षी अ‍ॅडलेड या विधवा राणीसाठी जो डबा तयार झाला, तोही यॉर्कच्या संग्रहात आहे. त्यात बिछाना घातला म्हणजे पाय लांब करता यावेत, म्हणून डब्याच्या टोकास मुद्दाम एक पेटी काढलेली आहे!

सॉनिंगच्या प्रेतांचा काही उपयोग झालाच नाही, असे नाही. ग्लॅडस्टनच्या पुढाकाराने 1844 साली कायदा झाला, आणि प्रत्येक नव्या कंपनीने रोज निदान एक गाडी तिसऱ्या वर्गासाठी सोडावी, मैलास एका पेनीहून अधिक भाडे घेऊ नये, वेग ताशी 12 मैलांहून कमी नसावा, डब्यात बसावयास जागा असावी व ऊन-पावसापासून आडोसा असावा, असे ठरले. कित्येक कंपन्यांनी ती एक गाडी भलत्याच अडचणीच्या वेळी सोडून कायद्याचा शब्द तेवढा पाळला. व्यापाऱ्यांची बुद्धी सर्वत्र सारखीच!

मग हे उघडे डबे गेले कोठे? काही मोडले, काहींवर छप्पर चढविले. ते जपून ठेवावेत असे कोणास वाटण्याचे कारण नव्हते. जपला जातो तो राणीचा डबा. बॉडमिनचे डबे वाचले, ते आमच्या मते केवळ दुर्लक्षामुळे. लंडन अँड साउथ वेस्टर्न कंपनीने ती रेल्वे 1846 साली विकत घेतली खरी, परंतु कंपनीचे स्वतःचे रूळ तेथपर्यंत पोचावयास 1895 साल उजाडले. मधली जवळजवळ पन्नास वर्षे ती मालकापासून तुटून कोपऱ्यात पडली होती, आणि तेथील जुने सामान निकालात काढण्याची निकड कोणास भासली नाही.

इंग्लंडातील तिसऱ्या वर्गाची हकीकत आम्हां हिंदी लोकांस परकी वाटू नये. मुंबई-ठाणे गाडी 16 एप्रिल 1853 रोजी निघाली, ती 14 डबे आणि सुमारे 400 निमंत्रित पाहुणे घेऊन. पुढे रेल्वेची तिजोरी भरली ती मुख्यतः तिसऱ्या वर्गाच्या गर्दीने, आणि त्या गर्दीचे हाल गांधीजींना 1917 साली वृत्तपत्रांस लांब पत्र लिहून सांगावे लागले. इंग्लंडात तिसरा वर्ग हे नाव 1956 साली गेले. आपल्याकडे ते 1974 पर्यंत टिकले.