नवशिका सुतार आणि छापील पुस्तक : इंग्लंडमधील १५६३ ते १८३९ या काळाचा एक विचार

हस्तव्यवसायांचा इतिहास लिहिताना अभ्यासकाचे लक्ष स्वाभाविकपणे तयार वस्तूकडे जाते. पेटी, खुर्ची वा कपाट संग्रहालयात राहते. परंतु ते घडविणारा हात प्रथम कसा तयार झाला, याची नोंद क्वचितच सापडते. इंग्लंडमधील लाकडी सामानाच्या धंद्यात नवशिक्याने विद्या कशी मिळविली, या प्रश्नाचा येथे तीन प्रकारच्या साधनांच्या आधारे विचार करावयाचा आहे : एक कायदा, एक हस्तव्यवसायविषयक ग्रंथ आणि एक लहानसे कथारूप पुस्तक.

इ. स. १५६३ च्या कारागीरविषयक कायद्याने धंदा करण्यापूर्वी किमान सात वर्षांची उमेदवारी आवश्यक ठरविली. मुलगा करारपत्राने उस्तादाशी बांधला जाई, त्याच्या घरी राही व जेवी, आणि मोबदल्यात त्याचे काम करी. या व्यवस्थेत शिक्षण व चाकरी यांची सरमिसळ होती, हे विसरता येत नाही. सात वर्षांतील किती काळ विद्येसाठी खर्च झाला आणि किती काळ केवळ स्वस्त मजुरीत गेला, हे करारपत्र सांगत नाही. कायद्यातून मुदत कळते. अभ्यासक्रम कळत नाही.

ही उणीव काही अंशी भरून काढण्याचा यत्न जोसेफ मोक्सन (१६२७–१६९१) याने केला. मोक्सन हा मुद्रक, पृथ्वीगोल व नकाशे तयार करणारा आणि पुढे रॉयल सोसायटीचा सभासद. व्यवसायाने तो सुतार नव्हता. त्याच्या ‘मेकॅनिक एक्सरसायझेस’ या ग्रंथाचे भाग १६७८ च्या सुमारास क्रमशः प्रसिद्ध होऊ लागले. प्रथम लोहारकाम, नंतर जोडकाम, घरबांधणीचे सुतारकाम व कातारीकाम असा त्याचा क्रम आहे. रंधा, करवत, पटाशी, गुण्या यांची नावे आणि उपयोग त्याने सांगितले. तथापि हे साधन जपून वापरले पाहिजे. त्यातील हत्यारांची काही चित्रे फेलिब्यें या फ्रेंच लेखकाच्या १६७६ मधील ग्रंथावरून घेतलेली आहेत. अर्थात चित्रातील रंधा लंडनच्या कारखान्यात तसाच होता, असे गृहीत धरणे धोक्याचे ठरेल. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हाताचे कसब शब्दांनी शिकविता येत नाही, ते सरावानेच मिळते, अशी कबुली मोक्सनने स्वतःच प्रस्तावनेत दिली आहे. ज्याने गुप्त विद्या छापून खुली केली, त्यानेच छापण्याची मर्यादाही सांगावी, हे लक्षणीय होय.

पुढे १७७६ मध्ये अ‍ॅडम स्मिथ याने दीर्घ उमेदवारीवर कठोर टीका केली. त्याच्या मते धंद्याची तत्त्वे समजावून देण्यास थोडा काळ पुरेसा असतो. हाताची सफाई सरावाने येते, आणि तरुणास पहिल्यापासून कामाप्रमाणे वेतन मिळाल्यास तो सराव अधिक मन लावून करील. इंग्लंडमध्ये १८१४ साली उमेदवारीची सक्ती रद्द झाली. स्मिथ व मोक्सन दोघेही सरावास प्रधान मानतात. मतभेद आहे तो सराव कोणाच्या खर्चाने आणि कोणाच्या देखरेखीखाली व्हावा, याविषयी.

या वादावर १८३९ मध्ये चार्ल्स नाइट याने लंडन येथे प्रसिद्ध केलेल्या ‘द जॉइनर अँड कॅबिनेट मेकर’ या पुस्तकाने अनपेक्षित प्रकाश पडतो. लेखकाचे नाव पुस्तकावर नाही. थॉमस नावाचा मुलगा गावातील कारखान्यात उमेदवार म्हणून येतो, अशी साधी कथा आहे. त्याच्या हातून घडणाऱ्या तीन वस्तूंचा क्रम मात्र विचारपूर्वक योजलेला आहे. प्रथम खिळ्यांनी जोडलेली सामानाची पेटी. नंतर विद्यार्थ्यासाठी बिजागऱ्यांची व कुलपाची पेटी, जिचे कोपरे पारव्याच्या शेपटीसारख्या खाचांनी एकमेकांत अडकविलेले आहेत. आणि शेवटी खणांचे कपाट. पहिल्या वस्तूत माप घेणे, सरळ कापणे व काटकोन साधणे एवढेच शिकावयाचे असते. दुसरीत तोच काटकोन चुकला तर सांधा बसत नाही. तिसरीत अनेक सांध्यांतील बारीक चुका एकत्र येऊन खण अडकतो. प्रत्येक पायरीवर आधीच्या पायरीची परीक्षा होते.

यावरून असे अनुमान काढता येते की, उमेदवारीचे खरे मूल्य सात वर्षांच्या मुदतीत नसून कामाच्या चढत्या क्रमात आणि चूक जागीच दाखविणाऱ्या नजरेत होते. स्मिथची टीका मुदतीला लागू पडते. या दुसऱ्या गोष्टीला ती लागू पडत नाही. सक्ती गेल्यानंतर पंचवीस वर्षांनी निघालेले पुस्तकही नवशिक्याला उस्तादाच्या कारखान्यातच उभे करते, याचे कारण हेच असावे. पुढे स्वीडनमधील नेस येथे ओटो सालोमन (१८४९–१९०७) याने ‘स्लॉइड’ या शिक्षणपद्धतीत सोप्याकडून कठिणाकडे जाणाऱ्या लाकडी वस्तूंची मालिका शाळेत आणली, तेव्हा क्रमाचे हेच तत्त्व धंद्यापासून वेगळे होऊन सामान्य शिक्षणाचा भाग झाले.

आपल्याकडील बलुतेदार सुताराच्या मुलास असा करार नव्हता. घर हीच त्याची शाळा आणि बाप हाच उस्ताद होता. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर हस्तोद्योग हा शिक्षणाचा केंद्रबिंदू व्हावा, अशी चर्चा महाराष्ट्राच्या भूमीवरच झाली. परंतु त्या मुलाच्या हाती प्रथम वाकस आला की रंधा, आणि त्याची पहिली चूक कोणी व कशी सुधारली, हा प्रश्न स्वतंत्र संशोधनास पात्र आहे. त्याचे साधन दप्तरांत शोधण्यापूर्वी वृद्ध कारागिरांच्या तोंडून टिपून घेणे अगत्याचे आहे. दप्तर वाट पाहू शकते. माणूस वाट पाहत नाही.